खरेदीपूर्वी पुरावा
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



रुग्णालयासाठी नवे उपकरण वा औषध घ्यावयाचे झाल्यास विक्रेते माहितीपत्रकासोबत आपल्या बाजूचे एक-दोन अभ्यास जोडतात. आम्ही हिशेबाची माणसे. केवळ जमेची बाजू पाहून ताळेबंद मांडता येत नाही, हे आम्ही जाणतो. वैद्यकशास्त्रात हाच नियम पद्धतशीर साहित्य-समालोचनाचा. प्रश्न आधी निश्चित करावयाचा, त्यावरील अनुकूल-प्रतिकूल सर्व अभ्यास शोधावयाचे, त्यांचा दर्जा तपासावयाचा आणि मगच निष्कर्ष काढावयाचा.

एक उदाहरण पाहू. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असलेल्या मातेस स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुफ्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील लिगिन्स व हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखविले. पुढील चाचण्यांपैकी काही सुट्या पाहता अनिर्णीत वाटत. सर्व एकत्र मांडल्यावर लाभ स्पष्ट झाला. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या बोधचिन्हात याच विषयावरील चाचण्यांचा आलेख आहे.

तथापि, २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलेल्या सहा देशांतील चाचणीत, जिच्यात नागपूर व बेळगाव परिसरही होते, निराळे चित्र दिसले. गावपातळीवर या इंजेक्शनचा वापर वाढविला असता अत्यल्प वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू मात्र वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक मातांची बाळे अत्यल्प वजनाची नव्हतीच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत चाचणी केली. तेथे सोनोग्राफीने दिवसांची खात्री केली जाई आणि नवजात शुश्रूषेची सोय होती. २०२० च्या त्या अहवालानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण स्टेरॉइड न दिलेल्या गटात २३.५ टक्के, तर दिलेल्या गटात १९.६ टक्के होते.

उपाय तोच, तयारी निराळी, म्हणून फळ निराळे.

म्हणूनच प्रत्येक खरेदीपूर्वी दोन प्रश्न विचारले जावेत, असा आमचा आग्रह आहे. सर्व पुरावा एकत्रितपणे काय सांगतो? आणि तो ज्या परिस्थितीत मिळाला, ती जिंतूर, गंगाखेड वा पाथरीहून आपल्याकडे येणाऱ्या मातेस लाभणार आहे काय?

देणगीदारांना नम्र विनंती अशी की, यंत्राइतकेच परिचारिकांच्या प्रशिक्षणास व देखभालीच्या खर्चासही साह्य करावे. त्यांवर नामफलक लावता येत नाही. परंतु त्यांच्याविना यंत्राचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचत नाही.