परतावा पक्का, मग हलाल कसा?



आमच्या बचत गटांच्या बैठकांत सध्या एक प्रश्न सारखा येतो. मोबाइलवर निरोप फिरतो, 'हलाल क्रिप्टो. सूद नाही. महिन्याला पक्का परतावा.' बँकेचं व्याज नको म्हणणाऱ्या आमच्या मुस्लिम मैत्रिणी विचारतात, यात पैसे घालावेत का?

क्रिप्टो म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर नोंद राहणारं आभासी चलन. त्यातलं बिटकॉइन २००९ साली सुरू झालं. त्यामागे कोणतंही सरकार किंवा रिझर्व्ह बँक उभी नाही. आपल्या देशात ते घ्यायला बंदी नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो. कर लागतो म्हणून सरकारनं हमी घेतली, असं समजू नका.

इस्लाममध्ये पैशाच्या व्यवहारात तीन गोष्टी टाळायच्या असतात. रिबा म्हणजे व्याज, घरर म्हणजे सौद्यातली मोठी अनिश्चितता आणि मैसिर म्हणजे जुगार. क्रिप्टोबद्दल जाणकारांचं एकमत नाही. इजिप्तच्या मुख्य मुफ्तींनी २०१८ मध्ये बिटकॉइनचा व्यवहार निषिद्ध ठरवला. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर हराम सांगितला. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरीयत सल्लागार मंडळानं मात्र २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारातल्या खरेदी-विक्रीला मान्यता दिली.

हा निवाडा आम्ही करणार नाही. तो आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारा. पण 'पक्का परतावा' हे शब्द आपण स्वतःच तपासू शकतो. आपण पैसे द्यायचे, तोटा आपला नाही आणि दरमहा ठरलेली रक्कम घ्यायची, यालाच तर व्याज म्हणतात! मुदारबाच्या भागीदारीत एकाचं भांडवल असतं, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटतात आणि धंदा बुडाला तर भांडवल देणाऱ्याला तोटा सोसावा लागतो. म्हणजे निरोपातला एक शब्द दुसऱ्याला खोटं पाडतो.

शिवाय नोव्हेंबर २०२१ मध्ये साठ हजार डॉलरच्या वर असलेलं बिटकॉइन वर्षभरात वीस हजारांच्या खाली आलं. मग दरमहा पक्के पैसे येणार कुठून? अशा योजनांत बहुधा नव्या माणसाचे पैसे जुन्याला दिले जातात. नवी माणसं थांबली की सगळं कोसळतं. बंगळुरूत २०१९ मध्ये 'हलाल गुंतवणूक' म्हणवणारी एक कंपनी अशीच बुडाली आणि हजारो कुटुंबांची पुंजी अडकली. तिथे क्रिप्टो नव्हतं, पण आमिष हेच होतं.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा. नफा कोणत्या धंद्यातून येतो? तोटा कोण सोसणार? पैसे परत कधी, कोणाकडून आणि कोणत्या कागदावर? उत्तर मिळालं नाही तर पैसे देऊ नका. मोबाइलवरून फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. लाजू नका, उशीर करू नका.

सूद टाळणं ही तुमची श्रद्धा आहे. तिचं नाव घेऊन कोणी तुम्हाला लुटू नये, एवढंच आमचं सांगणं.