तत्त्वज्ञांना सभेबाहेर ठेवून चालणार नाही



लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने १९३६ साली आपल्या परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिले आणि भाषण वाचल्यावर त्यातला काही भाग गाळावा असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. परिषद रद्द झाली. भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. त्या भाषणात नियम आणि तत्त्व यांच्यातला भेद मांडलेला आहे. नियम सांगतो, अमुक करा. तत्त्व सांगते, केलेले योग्य की अयोग्य हे कशावरून ठरवायचे. नियम पाळणारा आज्ञाधारक असतो, तत्त्वाने वागणारा आपल्या कृतीला स्वतः जबाबदार असतो. ज्या धर्मात निव्वळ नियम उरले, तो धर्म राहिला नाही, धर्माचे नाव घेतलेला कायदा झाला. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई या तत्त्वज्ञाच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याने ही मांडणी केली होती आणि गुरूचे ऋण त्याच भाषणात मोकळेपणाने मान्य केले होते.

तत्त्वज्ञानाने काय साधते, असा प्रश्न हल्ली मोठ्या ऐटीत विचारला जातो. विचारणाऱ्यांनी पुढचा हिशेबही ऐकावा. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ‘संवैधानिक नैतिकता’, म्हणजे संविधानाच्या चौकटीविषयीचा आदर, ही संकल्पना सभागृहापुढे ठेवली. ती त्यांनी घेतली होती जॉर्ज ग्रोटकडून. हा ग्रोट म्हणजे ग्रीसचा इतिहास आणि प्लेटोवरचे तीन खंड लिहिणारा इंग्रज अभ्यासक. ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती मुद्दाम जोपासावी लागते, असे बाबासाहेबांनी बजावले. जवळपास सत्तर वर्षांनी, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सोडवले, तेव्हा बहुसंख्यांच्या नैतिकतेपेक्षा संवैधानिक नैतिकता वरचढ ठरवली. अथेन्सच्या अभ्यासातून निघालेल्या एका कल्पनेने लाखो भारतीयांच्या डोक्यावरची तुरुंगाची टांगती तलवार उतरवली. याला निरुपयोगी म्हणायचे असेल, तर उपयोगी कशाला म्हणायचे?

दुसरा दाखला प्रयोगशाळेतला. जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांत, ऑक्टोबरमध्ये, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी दुसरे जन्मले. पुढची वाट दोन्ही देशांनी निरनिराळी धरली. ब्रिटिश सरकारने १९८२ साली समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद मेरी वॉर्नॉक या तत्त्वज्ञ बाईंकडे दिले. प्रयोगशाळेत मानवी भ्रूण किती दिवस वाढवू द्यावा, हा कळीचा प्रश्न होता. वॉर्नॉक समितीने १९८४ साली उत्तर दिले: १४ दिवस. पंधराव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणात शरीराच्या अक्षाची पहिली रेघ उमटते. त्याआधी एका भ्रूणाची दोन जुळी होऊ शकतात, म्हणजे तो ‘एक व्यक्ती’ असा ठरलेलाच नसतो. ही माहिती विज्ञानाने दिली. पण तिच्या आधाराने मर्यादा कुठे घालावी, हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. १९९० साली त्याचा कायदा झाला आणि १४ दिवसांची ती मर्यादा पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही आली.

आणि आपल्याकडे? पश्चिम बंगाल सरकारच्या समितीने डॉ. मुखोपाध्याय यांचा दावा फेटाळला. १९८१ साली त्यांनी जीवन संपवले. भ्रूण, गर्भाशय, मातृत्व यांविषयीचा कायदा यायला २०२१ उजाडले आणि मधल्या काळात सरोगसीचा बाजार बिनदिक्कत फोफावला. प्रश्नाचा विचार करणारी माणसे नेमली नाहीत म्हणून प्रश्न थांबून राहिला नाही. त्याचा निकाल पैशाने लावला.

तत्त्वज्ञानाच्या विरोधकांचा पहिला गट विज्ञानाच्या नावाने बोलतो. ‘तत्त्वज्ञान मेले आहे,’ असे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी २०१० साली सहलेखकासोबत लिहिलेल्या पुस्तकाच्या आरंभीच जाहीर केले. पण तेच पुस्तक पुढे काय करते? वास्तव आपल्या प्रतिमानांपासून वेगळे काढता येते का, याची चर्चा करते. हे शंभर टक्के तत्त्वज्ञान आहे, फक्त त्याच्या शास्त्राचा अभ्यास टाळून केलेले. तत्त्वज्ञाला घराबाहेर काढणारा स्वतः त्याच्याच खुर्चीत बसतो आणि तिथे बसून कच्चे काम करतो.

विरोधकांचा दुसरा गट हार घेऊन येतो. आपल्याकडे सारे आधीच सांगून झाले आहे, आता फक्त नमस्कार करायचा, असे हा गट मानतो. परंपरेचा याहून मोठा अपमान नाही. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाची बाजू, पूर्ण ताकदीने मांडल्याशिवाय सिद्धान्त मांडायचा नाही, ही आपल्या शास्त्रकारांची रीत होती. ती जिवंत आहे हे १९८३ साली पुण्यात दिसले. तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे आणि दया कृष्ण यांच्या पुढाकाराने इंग्रज तत्त्वज्ञ रसेलचा विधानांविषयीचा सिद्धान्त संस्कृतात मांडून न्यायशास्त्राच्या पंडितांसमोर ठेवला गेला, आणि पंडितांनी त्याची आपल्या शास्त्राच्या कसोटीवर झाडाझडती घेतली. परंपरेचा मान ठेवायचा तो असा.

पण दोष निव्वळ विरोधकांचा नाही; तो खुद्द तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांच्याही पदरात घालायला हवा. दे. द. वाडेकरांनी ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत उभा केला. रेग्यांनी ‘नवभारत’ मासिकातून सामान्य वाचकाशी त्याच्या भाषेत वाद घातला. त्यांचे आजचे वारस पदोन्नतीच्या गुणांसाठी इंग्रजीत शोधनिबंध लिहितात. ते निबंध ना विद्यार्थी वाचतात, ना सहकारी. कर्जाचा अर्ज यंत्राने नाकारला तर जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न आज बार्शीच्या शेतकऱ्यालाही भिडतो. त्याचे उत्तर मराठीत शोधायचे नाही, तर कोणासाठी शोधायचे?

म्हणून या सभेपुढे तीन मागण्या आहेत. वैद्यकीय नीती किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरच्या प्रत्येक सरकारी समितीत तत्त्वज्ञानाचा जाणकार मताधिकारासह असावा. अकरावी-बारावीचे तर्कशास्त्र विज्ञान आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनाही शिकवावे. आणि तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक प्राध्यापकाने वर्षाला निदान एक लेख मराठी नियतकालिकात, सर्वसामान्य वाचकासाठी लिहावा. या मागण्यांचा ठराव आजच्या खुल्या अधिवेशनात मताला टाकावा. ज्यांना तो मान्य नाही, त्यांनी मतदानाआधी याच ध्वनिक्षेपकासमोर येऊन आपली बाजू मांडावी. त्यांना वेळेची मर्यादा असणार नाही.