ठिपके, यंत्र आणि सम
(मंडळाच्या व्याख्यानात केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला आज्ञा केली, "तांत्रिक विषयावर बोला, पण सगळ्यांना कळेल असं बोला." मी सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला माणूस. कलेवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण आजच्या विषयात यंत्र आहे, म्हणून धाडस करतो.

विंडोज ९५ आणि ९८ चे दिवस तुम्हाला आठवत असतील. संगणक थोडा वेळ तसाच ठेवला की काळ्या पडद्यावर रंगीत रेघा आपोआप फिरू लागत. त्यात ना गोष्ट, ना माणसे, तरी नजर हलत नसे. असे का होते? ते समजायचे तर कॅलिफोर्नियातल्या जॉन आणि जेम्स व्हिटनी या दोन भावांची ओळख करून घ्यावी लागेल.

दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफांना नेम धरून देणारे एम-५ नावाचे यांत्रिक गणकयंत्र होते. गोळा वर पोहोचेल तेव्हा विमान कुठे असेल, हे ते दंतचक्रांच्या आणि शाफ्टच्या हालचालीतून काढून देत असे. युद्ध संपले आणि अशी यंत्रे जादा माल म्हणून विक्रीला निघाली. जॉन यांनी एक विकत घेतले, त्याची नव्याने जुळणी केली आणि त्याला कॅमेरा जोडला. त्यातून निघालेल्या आकृत्यांचा नमुनासंग्रह म्हणजे १९६१ चा 'कॅटलॉग' हा लघुपट. ज्या अचूकपणाने विमान पाडायचे, त्याच अचूकपणाने आता प्रकाशाची फुले उमलू लागली.

धाकटे जेम्स योग आणि ताओ विचाराचे अभ्यासक. त्यांच्या १९५७ च्या चित्रपटाचे नावच 'यंत्र', आपल्या श्रीयंत्रातले यंत्र. त्यासाठी त्यांनी कार्डांना टाचणीने भोके पाडून हजारो ठिपके हाताने तयार केले. त्यात काही वर्षे गेली. पुढे 'लॅपिस' करताना भावाचे यंत्र मदतीला आले. हाताने काढलेले ठिपके दर वेळी किंचित फिरवून पुन्हा पुन्हा चित्रित केले गेले. १९६६ मध्ये पूर्ण झालेला हा चित्रपट जेमतेम दहा मिनिटांचा आहे आणि सोबत पंडित रविशंकर यांची सतार आहे. पांढऱ्या पडद्याच्या कडांकडून बारीक कणांचे वर्तुळ हळूहळू मध्याकडे सरकते. मग कण विखुरतात, गोळा होतात, मंडल बनते, विरते. लॅपिस म्हणजे लॅटिनमध्ये दगड. किमयागारांच्या भाषेत, आपला परीस.

१९६६ मध्येच आयबीएम कंपनीने जॉन यांना आपल्या संगणकावर कलाकार म्हणून काम करण्याची संधी दिली. त्यातून १९६८ चा 'परम्युटेशन्स' तयार झाला. संगणक एकेक चित्र पडद्यावर काढायचा, कॅमेरा ते टिपायचा, रंग नंतर चढवले जायचे. त्यामागचे त्यांचे तत्त्व मी आपल्या भाषेत सांगतो.

समजा, एकात एक असे बारा गोल रूळ आहेत आणि प्रत्येकावर एक गाडी. सगळ्या एकाच रेषेतून एकदम सुटतात. पहिली गाडी बारा मिनिटांत एक फेरी करते, तेवढ्याच वेळात दुसरी दोन, तिसरी तीन, बारावी बारा. काही क्षणांतच सगळा गोंधळ दिसू लागतो. पण बरोबर तिसऱ्या मिनिटाला गाड्या चार रांगांत उभ्या दिसतात, चौथ्या मिनिटाला तीन रांगांत, सहाव्याला समोरासमोर दोन रांगांत. आणि बाराव्या मिनिटाला सगळ्या पुन्हा एका रेषेत! कोणी त्यांना आवरले नाही, सिग्नल दिला नाही. प्रत्येकीने फक्त आपला वेग सोडला नाही.

तबल्याच्या साथीला बसलेल्यांना हे लगेच कळेल. तबलजी कितीही दूर गेला तरी समेवर येणार, हा भरवसा असतो, म्हणून आपण निवांत ऐकतो. जॉन व्हिटनी यांनाही नाते संगीताशीच दिसले. १९८० च्या 'डिजिटल हार्मनी' या पुस्तकात त्यांनी स्वरांच्या मेळासारखाच आकृत्यांचाही मेळ असतो, हा विचार मांडला. माझ्या समजुतीप्रमाणे या चित्रांतली शांती इथेच आहे. विस्कटलेले पुन्हा जुळणार, हे डोळ्यांना ठाऊक होते आणि मन घाई करणे सोडते.

मित्रहो, आपल्यापैकी बरेच जण आठ-आठ तास पॅनेलसमोर किंवा पडद्यासमोर बसतात. तिथे प्रत्येक ठिपक्याला अर्थ असतो. लाल दिसला की त्या रुळावर गाडी आहे, आणि नजर चुकवून चालत नाही. घरी आल्यावर मोबाईलचा पडदा. तोही सतत काहीतरी मागत असतो. नुसते बघणे आपण विसरत चाललो आहोत. 'लॅपिस'मधले ठिपके तुमच्याकडून काहीच मागत नाहीत. हे ध्यान आहे असा माझा दावा नाही. ध्यान ज्याचे त्याने करायचे. पण डोळे उघडे ठेवून मन थांबवता येते, एवढा अनुभव नक्की येतो. घरच्या माउलींना तो नवा नाही. ठिपक्यांची रांगोळी काढताना त्या किती गप्प आणि एकाग्र असतात, ते पाहा.

शेवटी एक सूचना. पुढच्या वर्षी सांस्कृतिक कार्यक्रमापूर्वी मंडपातले दिवे दहा मिनिटे मालवून 'लॅपिस' एकत्र पाहावा. निवेदन नको, भाषण तर नकोच! लहान मुलेही बसतील, असा माझा विश्वास आहे. कार्यकारिणीने विचार करावा ही विनंती.



गणपती बाप्पा मोरया!