धोट्याचा सवाल

(युवक शिबिरात केलेलं भाषण)



आयटकवर बोल म्हणालात. गोदीत पाठीवर माल वाहणारा माणूस आहे, इतिहासाचा प्रोफेसर नाही. पण इतिहास आपल्याच पाठीवरून गेलाय, म्हणून बोलतो.

३१ ऑक्टोबर १९२० ला मुंबईत आयटक उभी राहिली. लाला लजपतराय पहिले अध्यक्ष. आदल्या वर्षी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, तिथं हिंदी कामगारांचा प्रतिनिधी सरकारनंच नेमून पाठवला. आमचा माणूस आम्ही निवडू, हे आयटकच्या जन्मामागचं एक मोठं कारण. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी तरी दुसरं काय मागितलं?

१९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. संप केला म्हणून नोंदलेल्या युनियनच्या पुढाऱ्याला कटाच्या गुन्ह्यात अडकवणं अवघड झालं. हे लढून मिळालंय. हे नाकारणारा कपाळकरंटा.

आता धोट्याकडं या. गिरणीत साचेखात्यात पगार जास्त. धोट्यातला दोरा तुटला की तोंडानं ओढून घ्यायचा. महाराची थुंकी लागलेला धोटा मराठा तोंडाला लावणार नाही, म्हणून आपल्या बापजाद्यांना साचेखातं बंद! दरवाजा मालकानं नाही, लाल बावट्याखाली बसलेल्या कामगारानं लावून घेतला होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना बजावलं, ही मागणी यादीत घ्या, नाहीतर आमची माणसं संपात नसतील. तेव्हा कुठं, नाइलाजानं, मागणी यादीत चढली.

म्हणून काय बाबासाहेब संपाविरुद्ध गेले? नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांना त्यांनी दोन शत्रू दाखवले : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच साली काँग्रेस सरकारनं संपाला वेसण घालणारं बिल आणलं. ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट युनियनवाले खांद्याला खांदा लावून मुंबईत संपावर उतरले. धोट्याचा अपमान कुणी विसरलं नव्हतं. तरी उतरले. कारण संपाचा हक्क गेला तर गुलामीच उरते.

नंतर झेंडे वाढले. १९४७ ला इंटक, १९४८ ला हिंद मजदूर सभा, १९५५ ला भारतीय मजदूर संघ, १९७० ला आयटकमधूनच सिटू. कामगार एक, बावटे छप्पन्न.

आमच्या गोदीत पूर्वी टोळीवाल्याचं राज्य. तो बोट दाखवील त्याला काम. १९४८ चा गोदी कामगार कायदा आला, पुढं बोर्ड आलं, तेव्हा हजेरीला आणि पगाराला धड आलं. आज टोळीवाला परत आलाय. नाव फक्त कंत्राटदार. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्या कारखान्यांना. १९३८ चं भूत नवीन कोट घालून आलं म्हणा! आयटक आणि बाकीच्या बहुतेक केंद्रीय संघटना याविरुद्ध उभ्या आहेत. आपणही तिथं पाहिजे.

पण हात जोडून नाही, सवाल घेऊन. गटारात उतरणारा माणूस तुमच्या मागणीपत्रात कितव्या नंबरवर? कंत्राटी झाडूवालीला सभासद करता का? कार्यकारिणीत आमची किती नावं, आणि सतरंज्या उचलायला किती?

युनियन सोडू नका, पोरांनो. पावती फाडा, सभेत पुढच्या रांगेत बसा, आणि विचारा. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.

जयभीम!