हेराचे कान

हेर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पिस्तूल, काळा चष्मा आणि भरधाव मोटार येते. पण हेराचे खरे काम पडद्यावर पाहायचे, तर १९९१ साली दूरदर्शनवर सुरू झालेली ‘चाणक्य’ मालिका आठवावी. डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि चाणक्यही स्वतःच रंगवला. कौटिल्याचे ‘अर्थशास्त्र’ आणि विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे तिचे मोठे आधार.

‘मुद्राराक्षसा’तला हेर यमाचे चित्र घेऊन दारोदार गाणी म्हणत हिंडतो, आपल्याकडे पहाटे वासुदेव यावा, तसा. एका दारात अमात्य राक्षसाच्या पत्नीच्या बोटातून निसटलेली मुद्रेची अंगठी घरंगळत त्याच्या पायाशी येते. पुढचे सारे राजकारण त्या अंगठीवर फिरते. ना मारामारी, ना पाठलाग. उघडे डोळे, उघडे कान आणि धीर.

बातमी मिळाली म्हणजे काम झाले असे नाही. कौटिल्य सांगतो, एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन हेरांचे म्हणणे जुळले, तरच विश्वास ठेवावा. बीबीसीच्या १९७९ मधल्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ या सात भागांच्या मालिकेतही हेच दिसते. मूळ कादंबरीचे लेखक जॉन ल कारे स्वतः ब्रिटिश हेरखात्यात होते. ॲलेक गिनेस यांनी रंगवलेला जॉर्ज स्माइली जुन्या फायली चाळतो, माणसांना बोलते करतो, एकाचे म्हणणे दुसऱ्याशी ताडून पाहतो. अखेर फितूर सापडतो, तो जुना सहकारीच. म्हणून त्या विजयाला आनंद नाही.

हे सारे आपल्या वाशिमच्या बाजारातही उपयोगी आहे. सोयाबीनचा भाव उद्या कोसळणार, अशी आवई उठते. घाबरलेला शेतकरी वर्षाची मेहनत मिळेल त्या भावात देऊन टाकतो. शहाणा माणूस आधी तिघांना विचारतो. पण हमालाने ते अडत्याकडून ऐकले असेल आणि चहावाल्याने हमालाकडून, तर ते तिघे नव्हेत, एकच!

मोबाइलवर एकच मजकूर वीस जणांकडून येतो, तेव्हाही तो एकच असतो. पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारावे : तुम्हाला हे कोणी सांगितले?