आमवात : भीती औषधाची की रोगाची ?

सकाळी जाग यावी आणि हाताची मूठ मिटू नये, दुधाचे पातेले सांडशीने उचलण्याइतकेही बळ बोटांत असू नये, अशा रीतीने आमवात घरात शिरतो. तासा-दोन तासांनी सांधे थोडे सैल होतात आणि रोगी स्वतःची समजूत घालतो की, वाताचे दुखणे आहे, सोसलेच पाहिजे. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. आणि सोसण्याची सवयही त्यांनाच अधिक.

आमवात आपल्या वैद्यांना अपरिचित नव्हता. ‘माधवनिदाना’त त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. पाश्चात्त्य वैद्यक ज्याला रूमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणते, त्याच्याशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. उतारवयात गुडघे झिजतात तो विकार निराळा. येथे शरीराची संरक्षक शक्तीच वाट चुकून सांध्याच्या आतील अस्तरावर हल्ला करते. अस्तर सुजते, फुगते आणि कालांतराने कूर्चा व हाड पोखरते. वेदनाशामक गोळीने ठणका थांबतो, हे पोखरणे थांबत नाही. आणि एकदा गेलेले हाड सहसा परत भरून येत नाही. म्हणूनच कडक औषधाचा विचार बोटे वाकडी होण्यापूर्वीच करावयाचा असतो.

कडक औषधाची धास्ती मात्र निराधार नाही. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन टोचताच जखडलेली रोगी स्त्री काही दिवसांत चालू लागली. १९५० साली या कार्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळून आले की, असे स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, चेहरा सुजतो. तत्काळ आराम देणाऱ्या निनावी पुड्यांत कित्येकदा हेच द्रव्य मिसळलेले असते, हे ध्यानात ठेवावे.

आज पहिला मान मेथोट्रेक्सेटला आहे. भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेत ते सिद्ध झाले, ते कर्करोगासाठी. ‘कर्करोगाचे औषध’ हे शब्द ऐकूनच अनेक रोगी दवाखान्यातून परत फिरतात. परंतु आमवातात त्याची मात्रा अल्प असते, साधारणतः ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि तीही आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. म्हणून वार ठरवून तो घरातल्या सर्वांना सांगून ठेवावा. गुण यावयास दीड ते तीन महिने लागतात. सोबत फॉलिक ॲसिड, ठराविक मुदतीने रक्ताची व यकृताची तपासणी आणि मद्य वर्ज्य, असे पथ्य आहे. गर्भारपणात किंवा मूल हवे असताना हे औषध चालत नाही.

तेवढ्याने रोग आटोक्यात न आल्यास जैविक औषधांचा विचार होतो. १९९२ साली लंडनमध्ये रविंदर मैनी व मार्क फेल्डमन यांनी दाह भडकविणाऱ्या ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या द्रव्याला रोखणारे औषध रोग्यांना देऊन पाहिले. १९९८ पासून अशी औषधे अमेरिकेत आमवातासाठी मान्य झाली. ती महाग आहेत. त्यांच्यामुळे शरीरात निद्रिस्त असलेला क्षय जागा होऊ शकतो. भारतात तर आरंभापूर्वी क्षयाची तपासणी टाळून चालणारच नाही.

तेव्हा निवड निर्धोक आणि धोकादायक अशा दोन मार्गांत नसते. औषधाचा धोका तपासणीने वेळीच ओळखता येतो, मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते. स्वस्थ बसण्याचाही धोका आहे. तो मात्र सांध्यात मुकाट्याने वाढत राहतो. म्हणून रोग्याने डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : लाभ केव्हा दिसेल, कोणत्या तपासण्या लागतील, खर्च किती, आणि ताप आला तर काय करावे ? उत्तरे समजून मग निर्णय घ्यावा. परंतु तो पुढच्या हिवाळ्यावर ढकलू नये.