आपल्या जिल्ह्याचे गोष्टीवेल्हाळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी, मंद्रूप येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनी कुणीतरी चार शब्द बोलावेत असा आपल्याकडे रिवाज आहे, आणि यंदा ते काम माझ्याकडे आले. विषय मात्र माझा मीच निवडला. कै. द. मा. मिरासदार यांच्याविषयी मी बोलणार आहे. २ ऑक्टोबर २०२१ रोजी पुण्यास ते निवर्तले, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याण्णव वर्षांचे होते. साथीचे दिवस अजून पुरते सरले नव्हते. चारचौघींनी एकत्र बसून त्यांची आठवण काढावी, अशी तेव्हा सोय नव्हती. राहून गेलेले ते काम आज करू.

मिरासदार पुण्याचे म्हणून ओळखले गेले, पण माणूस आपल्या सोलापूर जिल्ह्याचा. जन्म अकलूजचा, सन १९२७ चा. शिक्षण अकलूजला आणि पंढरपूरला झाले. पुढे पुण्यास एम. ए. होऊन आधी शाळेत आणि मग गरवारे महाविद्यालयात मराठी शिकवीत. प्राध्यापक झाले तरी बोलण्यातले पंढरपूर काही सुटले नाही, आणि ते सुटले नाही हेच आपले भाग्य म्हणायचे.

माझे मत असे, की पंढरपुरात वाढलेल्या मुलाला गोष्ट कशी सांगावी हे निराळे शिकवावे लागत नाही. नारदीय कीर्तन आपण सर्वजणींनी ऐकले आहे. पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका जराशा पेंगतात; उत्तररंगात आख्यान सुरू झाले, की त्याच बायका ताठ होऊन बसतात. गोष्टीची ताकद ती एवढी! मिरासदारांनी पूर्वरंग काढून टाकला, टाळ-मृदंग आणि पेटीही बाजूला ठेवली. उरला एक साधा माणूस, त्याचा आवाज आणि समोरचे लोक.

सन १९६२ मध्ये व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार असे तिघे मिळून कथाकथनाचे कार्यक्रम करू लागले आणि गावोगाव हिंडले. माडगूळकर माडगूळ्याचे, पाटील पट्टणकोडोलीचे, मिरासदार अकलूजचे. तिघेही लहान गावांतून आलेले, आणि तिघांनीही आपापले गाव सोबत आणलेले. छापील पुस्तक ज्यांच्या हाती कधी आले नसते, अशांच्या कानी त्यांनी मराठी कथा घातली. पुढे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही तिघांना मिळाले : माडगूळकरांना १९८३ साली अंबाजोगाईस, पाटलांना १९८५ साली नांदेडला आणि मिरासदारांना १९९८ साली परळी वैजनाथला. शंकर पाटील १९९४ मध्ये गेले, माडगूळकर २००१ मध्ये. मिरासदार त्या तिघांतले शेवटचे.

मी त्यांना ध्वनिफितीवर ऐकले. ऐकताना एक गोष्ट ध्यानी आली, की लोक पोट धरधरून हसत आहेत, आणि सांगणारा मात्र तालुक्याच्या कचेरीतला अर्ज वाचावा तितक्या गंभीरपणे पुढे चालला आहे. हसू ओसरेपर्यंत तो थांबतो, आणि मग असे काही एक साधे वाक्य टाकतो की पुन्हा हशा. कुठे थांबावे हे ज्याला कळले, त्याला गोष्ट सांगता आली. आपल्या घरात भाकरी थापताना सासूबाई शेजारणीची हकीकत सांगतात, त्याही भाकरी उलथायच्या वेळी नेमक्या थांबतात की नाही, ते उद्या पाहा.

त्यांची भोकरवाडी तुम्हांला ठाऊक असेल. नाना चेंगट, बाबू पैलवान, गणा मास्तर, शिवा जमदाडे ही मंडळी जमतात, आणि काहीएक नसलेल्या गोष्टीतून मोठे प्रकरण उभे राहते. ‘भुताचा जन्म’ या कथेचे नावच पाहा. भूत कुठे असते? ते एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी जाताना जन्माला येते. मंद्रूपच्या बसथांब्यावर सकाळी शिंकलेला माणूस दुपारपर्यंत आजारी आणि संध्याकाळपर्यंत दवाखान्यात पोहोचतो, हे आपण जाणतोच. ‘एक डाव भुताचा’ हा १९८२ चा चित्रपटही त्यांच्याच कथेवरचा, आणि त्यात शाळेचे हेडमास्तर ते स्वतःच झाले होते.

परंतु त्यांना केवळ विनोदी म्हणून सोडून देणे मला पटत नाही. ‘विरंगुळा’ ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचावी. गरिबीने पिचलेला एक कारकून, आणि त्याचा विरंगुळा काय, तर कुणाच्या घरी मयत झाले की धावत जाऊन पुढची सारी व्यवस्था पाहणे. तेवढ्यापुरता तो महत्त्वाचा माणूस होतो. वाचताना आधी हसू येते आणि मग त्या हसण्याची आपल्यालाच लाज वाटते.

माझी एक तक्रारही आहे, आणि ती मेलेल्या माणसाविषयी म्हणून मी गिळणार नाही. भोकरवाडीच्या त्या बैठकीत आपण बायका कुठे आहोत? गप्पा मारणारे सगळे पुरुष. पाणवठ्यावर, शेंगा फोडताना, जोंधळ्याच्या खळ्यावर ज्या गोष्टी चालत, त्या मिरासदारांना कुणी सांगितल्या नसतील, आणि त्यांना त्या ऐकायला बसताही आले नसते. त्या गोष्टी लिहिणे हे त्यांचे काम नव्हते. मग ते कुणाचे?

आपल्याच तालुक्यात, हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात, तिथल्या देवळात शके ९४० चा, म्हणजे सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचे त्यात म्हटले आहे. वाचणाऱ्याची सोय झाली. ज्या बायकांना अक्षर येत नव्हते त्यांच्या गोष्टी मात्र दगडावरही नाहीत आणि कागदावरही नाहीत. आपल्या गावाची अडचण तर आणखी एक आहे. पुष्कळ घरांत आजी कानडीत सांगते आणि नातू मराठीत उत्तर देतो. नातवाला अर्धे कळते, अर्धे तो सोडून देतो. पुढच्या पिढीस ते अर्धेही राहणार नाही. हाती मोबाईल आला म्हणून गोष्टी गेल्या असे म्हणण्याची आता चाल पडली आहे. पण त्याच मोबाईलात आजीचा आवाज साठवून ठेवता येतो, हे आपल्या कितीजणींनी केले?

म्हणून कार्यकारिणीपुढे मी एक सूचना ठेवली होती आणि ती मान्य झाली आहे. दर महिन्याच्या सभेत हळदीकुंकू आणि हिशेब झाल्यावर एका वडीलधाऱ्या बाईने एक गोष्ट सांगायची. एकीने ती मोबाईलात घ्यायची आणि दुसरीने वहीत उतरवायची. वही मंडळाने आणली आहे. दोनशे पानी आहे.

आरंभ आजच करावयाचा आहे. मंडळातल्या सर्वांत वडील आजी इथे बसल्या आहेत. त्यांची गोष्ट कानडीत आहे, मधूनमधून मी तिचे मराठी करून सांगेन. मागच्या भगिनींनी सतरंजी ओढून पुढे यावे, आजींचा आवाज बारीक आहे. आणि चहा गोष्ट संपल्यावरच मिळेल.